उद्याच्या मोटारी, कालचे भंगार

पावसाचा थेंब पडला की आपोआप टप वर चढवून घेणारी मोटार १९५१ सालीच तयार झाली होती, असे सांगितले तर चटकन कोणाचा विश्वास बसणार नाही. पण ती होती. तिचे नाव ‘ल साब्र’. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने ती बांधली होती. मालक गाडी उघडी टाकून दुकानात गेला आणि वरून सर आली, तर दोन आसनांमधल्या एका छोट्या यंत्राला ओलावा कळे आणि मागे दडलेला टप हळूच वर येऊन गाडीवर पांघरूण घाली. आमच्या कर्जतला ही गाडी आणली असती तर तो टप एकदा उघडला तो उघडाच राहिला असता!

हे कर्जत म्हणजे वड्याचे कर्जत नव्हे. मुंबईकडच्या माणसाला गावाचे नाव सांगितले की तो लगेच बटाटेवडा आणि बोरघाट काढतो. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधले. रेल्वे नाही, घाट नाही, पाऊस बेताचा. तालुक्यात सिद्धटेकचा गणपती आहे, राशीनची देवी आहे, रेहेकुरीच्या माळावर काळविटे आहेत. अशा गावात चित्रकलेचा मास्तर म्हणून जन्म काढलेल्या माणसाला अमेरिकन मोटारींचे काय, असे कोणी विचारील. तर त्याचे उत्तर रद्दीत आहे. वर्गासाठी चित्रे हवीत म्हणून मी नगरच्या रद्दीवाल्याकडून जुनी इंग्रजी मासिके किलोने आणीत असे. त्यांतल्या बातम्या शिळ्या असत, पण चित्रे कधी शिळी होत नाहीत. त्यांत मला ह्या मोटारी भेटल्या. ज्यांना शेपट्या आहेत, पंख आहेत, विमानासारखी काचेची टोपी आहे आणि ज्या कोणत्याही दुकानात कधीच विकायला आल्या नाहीत, अशा मोटारी.

विकायच्या नाहीत तर बांधायच्या कशाला? ह्या प्रश्नाचे उत्तर हार्ली अर्ल नावाच्या माणसापाशी जाते. अर्लचा जन्म १८९३ सालचा, लॉस एंजलिसचा. बाप घोडागाड्या बांधणारा. घोडे गेले आणि मोटारी आल्या, तेव्हा बापाने मोटारींच्या बॉड्या बांधायला घेतल्या. शेजारीच हॉलिवूड वसत होते. नटमंडळींना चारचौघांसारखी गाडी नको असे. टॉम मिक्स हा काउबॉयच्या भूमिका करणारा नट. त्याच्या गाडीवर म्हणे घोड्याचे खोगीर बसवून दिले होते. अशा हौशी गिऱ्हाइकांच्या संगतीत पोरगा तयार झाला. १९२७ साली जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्याला डेट्रॉइटला नेले आणि त्याच्यासाठी एक नवे खाते उघडले. खात्याचे नाव ‘आर्ट अँड कलर’. मोटारीच्या कारखान्यात रंग-रेषेचे खाते म्हटल्यावर जुन्या इंजिनिअरांनी नाके मुरडली असणार, हे सांगायला नको. शाळेत चित्रकलेच्या मास्तराकडे गणिताचे मास्तर जसे पाहतात तसेच!

ह्या अर्लने १९३८ साली ब्यूक कंपनीच्या सांगाड्यावर एक गाडी बांधली. तिचे नाव ‘वाय-जॉब’. बुटकी, लांब, चढायला पायरीची फळी नाही, दिवे पापणी मिटावी तसे आत मिटणारे, काचा विजेवर खाली-वर होणाऱ्या. मोटार कंपनीने निव्वळ उद्याची चुणूक दाखवायला बांधलेली पहिली गाडी म्हणून तिचे नाव घेतात. अर्ल स्वतः ती गाडी कित्येक वर्षे रोज चालवीत असे. साडेसहा फुटांच्या आसपास उंची असलेला हा गृहस्थ त्या बुटक्या गाडीतून घरी जाताना रस्त्यावरची माणसे थबकून बघत. त्या बघ्यांचे चेहरे हीच त्याची पाहणी. लोक कशाने चमकतात आणि कशाला बिचकतात हे त्याला फुकटात कळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या हौसेची जत्रा झाली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया ह्या बड्या हॉटेलात १९४९पासून कंपनी आपले प्रदर्शन भरवू लागली. पुढे त्याला ‘मोटोरामा’ नाव पडले. नाच, गाणी, वाद्यवृंद, फिरते रंगमंच आणि मध्ये ह्या मोटारी. शहराशहरांतून ते प्रदर्शन फिरे. १९६१ साली शेवटचे झाले, तोवर एक कोटीहून जास्त माणसांनी ते पाहिले होते. १९५३च्या जानेवारीत तिथे एक पांढरी, फायबरग्लासची, दोन आसनी गाडी ठेवली होती. लोकांनी ती इतकी उचलून धरली की जूनअखेर तिचे उत्पादन सुरू झाले. तीच कॉर्व्हेट. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या आणि त्या सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. पण असे भाग्य लाभलेल्या गाड्या थोड्याच.

मला स्वतःला मोटोरामापेक्षा त्याच कंपनीचा दुसरा तमाशा अधिक भावतो. ‘परेड ऑफ प्रोग्रेस’, म्हणजे प्रगतीची मिरवणूक. मोठ्या शहरातले प्रदर्शन पाहायला खेड्यातला माणूस कधी जाणार? म्हणून प्रदर्शनच त्याच्या गावी न्यायचे. १९३६ साली ही फेरी सुरू झाली. १९४० साली तिच्यासाठी खास १२ गाड्या बांधल्या, ‘फ्युचरलायनर’ नावाच्या. तेहेतीस फूट लांब, लाल रंगाच्या, ड्रायव्हर मधोमध आणि दहा-अकरा फूट उंचीवर बसलेला. माहूत हत्तीवर बसतो तसा. गावाबाहेरच्या मैदानात गाडी उभी राहिली की तिची कूस उघडे आणि आत रंगमंच! बघायला पैसे नाहीत. ज्यांनी आमच्याकडे तमाशाचे फड आणि टूरिंग टॉकीजच्या गाड्या गावात शिरताना पाहिल्या आहेत, राहुट्यांच्या खुंट्या ठोकल्याचा आवाज ऐकून ज्यांची शाळा बुडाली आहे, त्यांना ह्या फ्युचरलायनरचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. पुढे टेलिव्हिजन आला आणि १९५६ साली ही मिरवणूक थांबली. आमच्या तंबूतल्या सिनेमालाही शेवटी टीव्हीनेच मारले. दोन्हीकडचा मारेकरी एकच.

१९५४च्या मोटोरामात ‘फायरबर्ड’ आली. चाके लावलेले लढाऊ विमान म्हणा ना. माणूस एकच बसणार, डोक्यावर काचेचा घुमट, बाजूला आखूड पंख, मागे उभी शेपटी आणि पोटात गॅस टर्बाइनचे इंजिन. मागून निघणारा झोत इतका कडक की पाठीमागच्या गाडीवाल्याची धडगत नाही. १९५६ साली दुसरी फायरबर्ड आली ती टायटॅनियमच्या पत्र्याची, चार माणसांची. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या इशाऱ्यावर ती आपली आपण चालेल, असे स्वप्न तिच्याबरोबर दाखवले होते. १९५८ सालच्या तिसरीला तर स्टिअरिंगच नव्हते. दोन आसनांच्या मध्ये एक दांडा. तो पुढे रेटला की गाडी पळणार, बाजूला कलता केला की वळणार. आज विनाचालक गाड्यांच्या बातम्या वाचताना मला त्या दोन फायरबर्ड आठवतात. स्वप्न पाहणारे सत्तर वर्षे आधी जागे झाले होते एवढेच.

पहिल्या फायरबर्डचे चित्र मी एकदा तात्यांना दाखवले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. जातिवंत सुतार. ऐन उमेदीत कर्जत सोडून पुण्याला गेले आणि दापोडीच्या एसटीच्या कार्यशाळेत बॉडी बांधणीच्या कामाला लागले. बसच्या बॉडीचा सांगाडा तेव्हा लाकडी असे. त्यांनी चष्मा पुसून चित्र लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले आणि विचारले, “ह्यात बसायचं कुणी? आन् फाट्यावर हात केला तर थांबंल का ही?”

मी तेव्हा हसलो होतो. पण ह्या प्रश्नामागे त्यांचा सगळा धंदा उभा होता.

कारण त्याच अमेरिकन कंपनीचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध आहे, आणि तो वॉल्डॉर्फ अॅस्टोरियातून नव्हे, माळीवाड्यातून जातो. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. निळ्या-चंदेरी रंगाची, लाकडी बॉडीची, तीसएक आसनांची ती बेडफर्ड गाडी होती. बेडफर्ड हे नाव इंग्रजी, गाडी इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉल कंपनीची. पण व्हॉक्सहॉल १९२५ सालीच जनरल मोटर्सने विकत घेतली होती. म्हणजे ज्या घराण्यात पुढे फायरबर्ड जन्मली, त्याच घराण्याची ही चुलत बहीण. त्याच्याही आधी, १९२८ साली, कंपनीने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने येत आणि इथे गाडी उभी राही. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण ठरले की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, गाडी इथेच घडवली पाहिजे. त्या धोरणापुढे १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. फायरबर्ड न्यूयॉर्कमध्ये लोकांचे डोळे दिपवीत होती तेच हे वर्ष. चाळीस वर्षांनी कंपनी पुन्हा भारतात परतली. तळेगावला २००८ साली मोठा कारखाना काढला. २०१७अखेर इथली विक्री थांबवली आणि २०२०च्या डिसेंबरात तळेगावातले उत्पादनही. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. दोनदा आली, दोनदा गेली. बेडफर्डच्या सांगाड्यावर लाकडी घर बांधून नगरला आणणारी एसटी मात्र अजून फाट्यावर हात केला की थांबते. बहुतेक वेळा.

असो. त्या शोभेच्या मोटारी कशा बनत, हे मला कित्येक वर्षे नीट कळले नव्हते. ते कळले एका विद्यार्थ्यामुळे. हा पोरगा एलिमेंटरीला आणि इंटरमिजिएटला दोन्हीकडे ‘ए’ ग्रेडचा. स्मरणचित्राला ‘बाजाराचा दिवस’ असा विषय आला की बाकीची पोरे भाजीवाल्या काढीत आणि हा बाजूला उभी असलेली जीप काढी, तीही सावलीसकट. बाप ऊसतोडणीच्या टोळीत जाई. पुढे पोरगा धडपडत कलाशाळेत शिकला आणि पुण्याजवळच्या एका मोटार कंपनीत क्ले मॉडेलर म्हणून लागला. म्हणजे मातीची मोटार करणारा कारागीर.

त्याने मला सगळी रीत समजावून सांगितली. आधी सांगाडा, त्यावर फोमचे जाड थर, मग ओव्हनमध्ये गरम करून मऊ केलेली माती हाताने दाबत लिंपायची. ही माती आपल्या शाडूसारखी पाण्याने भिजत नाही. तिच्यात मेण असते. थंड झाली की लाकडासारखी तासता येते. आता ढोबळ आकार यंत्र कोरते, पण शेवटचा हात माणसाचाच. पोलादी पातीने केसभर माती खरवडायची, तिच्यावर तळवा फिरवायचा, पुन्हा खरवडायची. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो. शेवटी त्या मातीवर रंगीत चकचकीत कातडे ताणून बसवले की दहा फुटांवरून गाडी खरीच वाटते. ही रीत मोटारीच्या धंद्यात रुजवली ती हार्ली अर्लनेच. पूर्वी लाकूड कोरीत नाहीतर पत्रा ठोकीत; माती आली आणि रेषा वाहती झाली.

“आणि मग त्या मातीच्या गाडीचं काय करता रे?” मी विचारले.

“सर, खरवडून काढतो. तीच माती पुढच्या गाडीला.”

“आणि गाडी?”

“एकदा अख्खं दीड वर्ष एका गाडीवर काम केलं. प्रदर्शनात ठेवली, फोटो निघाले, पेपरात आले. नंतर ठरलं, ही काढायची नाही. आता ताडपत्री घालून कुठंतरी उभी आहे. घरच्यांना फोटो दाखवला तर आई म्हणाली, ह्यात तुझं नाव कुठाय?”

गणपतीच्या मूर्तिकाराला ठाऊक असते की आपण केले ते दहा दिवसांनी पाण्यात जाणार. पण त्या दहा दिवसांत मूर्तीची पूजा तरी होते. ह्या पोराच्या गाडीला प्रदर्शनातले चार दिवस मिळाले आणि ते सुद्धा साखळीच्या पलीकडून.

अमेरिकेतल्या गाड्यांची गत ह्याहून वाईट झाली. प्रदर्शन संपले की त्या कंपनीच्या गळ्यातले लोढणे होत. ठेवायला जागा नाही, विकावी तर तिची जबाबदारी कोण घेणार? म्हणून पुष्कळ गाड्या तोडून टाकायचा हुकूम निघे. डेट्रॉइटजवळच्या वॉरहूप्स नावाच्या भंगारखान्यात अशा काही गाड्या तोडायला धाडल्या होत्या. भंगारवाल्याच्या मनात काय आले देव जाणे, काही त्याने अर्धवट तोडल्या आणि तशाच मागे सारून ठेवल्या. तीसएक वर्षे त्या बर्फापावसात कुजल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका हौशी संग्राहकाने तिथून चार गाड्या सोडवून नेल्या. त्यांत १९५५च्या मोटोरामातली शेव्हरोले बिस्केन होती, तुकडे-तुकडे झालेली. तुकड्याला तुकडा जुळवून, गेलेला भाग जुन्या छायाचित्रांवरून नव्याने घडवून, पुढच्या दोन दशकांत ती गाडी पुन्हा उभी केली. ह्या कामाला मी तरी मूळ गाडी बांधण्याइतकाच मान देईन.

तोडण्याची ही सवय जुन्या काळापुरती नव्हती. १९९०च्या जानेवारीत जनरल मोटर्सने लॉस एंजलिसला ‘इम्पॅक्ट’ नावाची विजेवर चालणारी गाडी दाखवली. ती लोकांना आवडली म्हणून १९९६ साली ‘ईव्ही-१’ या नावाने रस्त्यावर आली. अकराशेच्या वर गाड्या बनल्या, पण एकही विकली नाही, सगळ्या भाड्याने. पुढे कंपनीने योजना गुंडाळली, २००३नंतर गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. थोड्या संग्रहालयांना दिल्या. ‘आम्हाला विकत द्या’ म्हणून गाडीवाले कुंपणाबाहेर पहारा देत बसले होते. आज आमच्या कर्जतच्या बाजारातही विजेच्या दुचाक्या दिसतात, तेव्हा त्या पहाऱ्याची आठवण येते.

आपल्याकडे शोभेच्या वाहनांची हौस नव्हती असे नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी अजून निघते आणि लोक सोन्याइतकेच तिलाही बघून घेतात. दिलीप छाब्रियांनी अमेरिकेत मोटारींच्या रेखाटनाचे शिक्षण घेतले, काही काळ जनरल मोटर्समध्ये काम केले आणि मुंबईत परतून १९९३ साली ‘डीसी डिझाइन’ काढली. त्यांची ‘अवंती’ २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात आली. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी, ती तर सगळ्या देशाने पाहिली. आनंद महिंद्रांनी २०२२च्या जानेवारीत त्याला नवी बोलेरो दिली आणि त्याची गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवायला नेली. मला विचाराल तर बदल्यात जास्त मोलाची वस्तू कंपनीला मिळाली.

पण शोभेसाठी जन्मलेली आणि नंतर जन्मभर राबलेली गाडी पाहायची असेल, तर ती एसटीच्याच घरात आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्या निमित्ताने तयार झालेल्या आरामदायी बसगाड्या स्पर्धा आटोपल्यावर दादर-पुणे मार्गावर सोडल्या. जगाला दाखवायला केलेल्या गाड्या. त्या कोणी तोडल्या नाहीत, ताडपत्रीखाली ठेवल्या नाहीत. लोकांनी त्यांना ‘एशियाड’ म्हटले आणि पुढे त्या धाटणीच्या प्रत्येक निमआराम बसला तेच नाव चिकटले. तात्या निवृत्त झाल्यावर मी त्यांना एकदा दादरहून पुण्याला एशियाडने आणले. ते खिडकीची चौकट अंगठ्याने दाबून बघत होते, आसनाखाली वाकून काही पाहत होते. कंडक्टरने विचारले, “आजोबा, काही हरवलं का?” तात्या म्हणाले, “नाही, जोड कसा घेतलाय ते बघतोय.” लोणावळा येईपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलेच नाही.

तो विद्यार्थी कामिका एकादशीला संत गोदड महाराजांच्या रथयात्रेला गावी येतो. रजा मिळो न मिळो. मागच्या वर्षी गर्दी ओसरल्यावर तो रथाजवळ उकिडवा बसला आणि चाकावरून तळवा फिरवू लागला. मातीच्या गाडीवर फिरवतो तसा, सावकाश, डोळे जवळजवळ मिटून. मग मला हाक मारली.

“सर, इथं हात लावून बघा. एकदम साफ आहे.”

मी हात लावला. मला काही कळले नाही. लाकूड गुळगुळीत होते एवढेच. त्याने शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारले, हे चाक कुणी केलं? म्हातारा म्हणाला, “आता ते कोण सांगणार बाबा? जुनं हाये.” पोराने खिशातून मोबाइल काढून चाकाचे चार फोटो घेतले, दोन जवळून, दोन लांबून, आणि आम्ही प्रसाद घ्यायला गेलो.